तिसरा धडा घरी वाचून या

बाईंना विचारा

*आदरणीय बाई,*

*मी बारावी सायन्सला आहे. गाव दापोली तालुक्यात, समुद्राला लागून. शाळा आणि ज्युनिअर कॉलेज एकाच संस्थेचं, आणि संस्थेचे बहुतेक पदाधिकारी मुंबईला. दिवाळीनंतर आमच्या शाळेतल्या दहावीच्या एका मुलीचा फोटो मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला. तिनेच तो एकाला विश्वासाने पाठवला होता. चार दिवसांत गावभर झाला. आता ती नालासोपाऱ्याला मामाकडे आहे, शाळा सुटली. शाळेने मोबाइलवर बंदी घातली आणि वर्गात मुलगे आणि मुली यांच्यामध्ये बाकांची एक रांग रिकामी ठेवली. बस्स, एवढंच.*

*आम्ही पाच जणांनी, तीन मुली आणि दोन मुलगे, 'शाळेत सर्वंकष लैंगिकता शिक्षण सुरू करावे' असा अर्ज लिहिला. ४३ सह्या मिळाल्या. मुख्याध्यापक म्हणाले, हे विषय घरचे. संस्थेचे एक काका फोनवर म्हणाले, पोरांच्या डोक्यात भलतंसलतं भरवू नका. मग अकरा जणांनी सह्या मागे घेतल्या. आई म्हणते, 'अगो, उद्या तुझ्या लग्नाला कोण उभं राहील?' आमच्या आईवडिलांची पिढी एवढी मागासलेली का आहे? आम्ही हे सगळं इन्स्टावर टाकावं का? की गप्प बसावं?*

*— बंदरावरची*

प्रिय बंदरावरची,

तुझं पत्र वाचून खरं तर तुमच्या मुख्याध्यापकांचा राग यायला हवा होता. आठवलं ते माझंच वाक्य. 'तिसरा धडा घरी वाचून या. त्यावर फारसं येत नाही परीक्षेला.' गुहागरकडच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. पुस्तकं बदलली, अभ्यासक्रम बदलले, धड्याचा नंबर वरखाली झाला. माझं वाक्य बरीच वर्षं तेच राहिलं.

एकदा मोठा धीर करून फळ्यावर गर्भाशयाची आकृती काढायला घेतली होती. मागच्या बाकावरून खसखस पिकली. माझा हात आपोआप डस्टरकडे गेला, डावी बाजू पुसली आणि मग पुसायचीही लाज वाटली. तास संपेपर्यंत एक अंडाशय आणि अर्धं गर्भाशय फळ्यावर तसंच होतं. मी फळ्याकडे पाठ करून उत्सर्जन संस्था शिकवत होते. वर्ग मात्र माझ्या खांद्यावरून फळ्याकडेच बघत होता.

मी काही कर्मठ बाई नव्हते. पोरांची भीती तर मुळीच नव्हती. मला भीती होती ती संध्याकाळची. सव्वापाचच्या गाडीला थांब्यावर उभी असताना कोणीतरी सहज विचारेल, 'काय बाई, आज पोरांना काय काय शिकवलंत म्हणे?' आणि बाकीचे दुसरीकडे बघत हसतील. एवढीच भीती, पण रोज त्याच थांब्यावर उभं राहायचं असलं की ती पुरते.

२००७ साली आमच्याकडे किशोरवयीनांसाठीच्या पुस्तिका येणार अशी चर्चा होती. केंद्राने एड्स नियंत्रणाच्या निमित्ताने तो कार्यक्रम आखला होता. विधिमंडळात गदारोळ झाला, आमदार चिडले आणि महाराष्ट्राने तो थांबवला. आणखीही काही राज्यांनी थांबवला. खरं सांगू? स्टाफरूममध्ये आम्ही सुटकेचा श्वास टाकला. आता कोणी विचारलं तर 'वरून बंद आहे' असं सांगता येणार होतं. तेव्हा तुझे मुख्याध्यापक 'हे विषय घरचे' म्हणतात त्याचा अर्थ मला बरोबर कळतो. उद्या कोणी पालक दारात आला तर संस्था आपल्या पाठीशी उभी राहणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांना पटवायची गरज कमी आहे, आधाराची जास्त.

म्हणून तो 'मागासलेली' शब्द काढून टाक. एकदा आईला निवांत विचार, तिला पाळी पहिल्यांदा आली तेव्हा काय झालं होतं. मला विचारशील तर मला लावणीच्या दिवसांत आली. चिखलात उभी होते, मांडीवरून रक्त आलं, वाटलं जळू लागली. शेताच्या बांधावर बसून मी मीठ चोळत होते. जळूला मीठ लावतात ना, तसं. जळू काही सापडेना. शेवटी चुलतीने पाहिलं आणि म्हणाली, 'कावळा शिवला गो तुला,' आणि मला पडवीत नेऊन बसवलं. चार दिवस मी त्या कावळ्याचा विचार करत बसले होते. तुझ्या आईकडेही असली काहीतरी गोष्ट असणार. ती गोष्ट बाहेर आली की 'लग्नाला कोण उभं राहील' हे वाक्य आपोआप जरा मऊ होतं. मी हे अनेक आयांच्या बाबतीत पाहिलंय.

आता तुमच्या अर्जाकडे येते. 'सर्वंकष लैंगिकता शिक्षण' हे शब्द चुकीचे नाहीत. युनेस्कोने २०१८ साली जी सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांचा विषय हाच. देशोदेशींचे अभ्यास बघून त्यांनी सांगितलंय की अशा शिक्षणाने मुलं लवकर 'त्या' वाटेला लागत नाहीत. झालाच तर थोडा उशीर होतो, आणि जपून वागण्याचं प्रमाण वाढतं. 'भलतंसलतं भरवू नका' म्हणणाऱ्या काकांसाठी हे उत्तर खिशात असू दे. पण गावात 'लैंगिक' हा शब्द लोक कुठे वाचतात, याचा विचार केलात का? 'लैंगिक अत्याचार', 'लैंगिक छळ'. म्हणजे पेपरातल्या गुन्ह्याच्या पानावर. तुमच्या अर्जाची पहिलीच ओळ वाचून त्या माणसाच्या पोटात गोळा आला आणि पुढचं त्याने वाचलंच नाही.

नवीन अर्ज लिहा. छोटा. त्यात नवं काही मागूच नका, जे आहे तेच मागा. दहावीच्या विज्ञान भाग दोनमधला तिसरा धडा काढून बघ, 'सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २'. पुरुषाची आणि स्त्रीची प्रजनन संस्था, ऋतुचक्र, जुळी कशी होतात, आयव्हीएफ, सरोगसी, अगदी वीर्यपेढीसुद्धा त्यात आहे. नववा धडा 'सामाजिक आरोग्य', त्यात सायबर गुन्हे आहेत. हे सरकारने छापलेलं पुस्तक आहे, संस्थेचे काका त्याला भलतंसलतं म्हणू शकत नाहीत. लिहा, 'हे दोन धडे वर्गात, मुलगे आणि मुली दोघांसमोर, पूर्ण शिकवावेत. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर किंवा नर्सताईंना एका तासाला बोलवावं.' दहावीच्या निकालात दरवर्षी आपला कोकण विभाग राज्यात पहिला येतो, त्याचा आपल्याला केवढा अभिमान! मग धडे गाळून पहिला येतो असं कोणी म्हणायला नको, एवढंही त्यात घातलंत तरी चालेल. (हे जरा टोचेल. टोचू दे.)

अर्थात पुस्तकावर सगळं भागत नाही, हे मलाही कळतं. सरोगसी म्हणजे काय, हे लिहून गुण मिळतात. 'नको' कसं म्हणायचं आणि समोरच्याने ते कसं ऐकायचं, याला कुठेच गुण नाहीत. त्या मुलीच्या बाबतीत कमी पडलं ते नेमकं हेच. तिला प्रजनन संस्थेची आकृती पाठ असेलही.

तेवढ्यासाठी मी एक उपाय सांगते, मी स्वतः केलेला. निवृत्तीला चार वर्षं राहिली असताना नववीतल्या एका मुलीच्या गृहपाठाच्या वहीत मला घडी घातलेली चिठ्ठी मिळाली. 'बाई, ओठाला ओठ लागले तर दिवस जातात का? पाळी पाच दिवस लांबली आहे.' आणि खाली विहिरीबद्दल एक ओळ होती, ती मी इथे लिहीत नाही. मी तास सोडून तिला बाहेर बोलावलं. तिच्या शंकेचं उत्तर द्यायला मला अर्धं मिनिट लागलं. ती पाच दिवस जेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला, झाकणाला चीर पाडली आणि प्रयोगशाळेच्या दाराशी ठेवला. नाव नको, वर्ग नको, मनात असेल ते लिहा. पहिल्या आठवड्यात तीन चिठ्ठ्या आल्या, त्यांतल्या दोन माझ्या चष्म्याबद्दल. दुसऱ्या आठवड्यात एकोणीस.

त्यात काय असायचं, सांगते. मुलग्यांच्या निम्म्या चिठ्ठ्या एकाच गोष्टीच्या: हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का, झोपेत वीर्य गेलं तर ताकद जाते का. येत नाही, जात नाही. शरीर आपलं काम करत असतं. पण एसटी स्टँडच्या मुतारीच्या भिंतीवर 'मर्दानी कमजोरी, गुप्त इलाज' अशी जाहिरात आणि खाली फोन नंबर रंगवलेला, आणि वर्गात मी 'घरी वाचून या' म्हणणारी. मुलग्यांचे गुरुजी ती भिंतच झाली होती. मुलींच्या चिठ्ठ्या वेगळ्या. एक मला अजून आठवते: 'गणपतीत आई पाळी पुढे ढकलायची गोळी देते. दरवर्षी घेतली तर पुढे मूल होत नाही का?' कोकणातल्या प्रत्येक औषधाच्या दुकानदाराला ठाऊक आहे की भाद्रपदाच्या आधी या गोळ्यांना कसा उठाव असतो. मी नर्सताईंना बोलावून उत्तर द्यायला लावलं. एखाद्या वर्षी घेतल्याने मूल होणं थांबत नाही. पण त्या संप्रेरकाच्या गोळ्या आहेत, डॉक्टरला न विचारता शेजारणीच्या सांगण्यावरून घ्यायच्या नाहीत. आणि त्या तासाला मुलगेही बसले होते. घरातल्या आरतीसाठी आपली बहीण काय गिळते, हे त्यांनाही त्या दिवशीच कळलं.

आणखी एक चिठ्ठी होती, मुलग्याची: 'ती हसली म्हणजे हो असतं का?' त्यावर पूर्ण तास गेला. मी काही शिकवलं नाही. मुलींनीच सांगितलं की आम्ही कधी कधी घाबरलो म्हणून हसतो. वर्गात एवढी शांतता मी त्याआधी फक्त मुख्याध्यापक फेरीला आले की ऐकली होती.

तुम्ही पाच जणांनी हाच डबा ठेवा. शाळा ठेवू देत नसेल तर वाचनालयात ठेवा, आशाताईंच्या घरी ठेवा. चिठ्ठ्या साठवा, अक्षर ओळखू येणार नाही अशा उतरवून काढा आणि त्या वहीसकट मुख्याध्यापकांकडे जा. 'आम्हाला काय हवं' याचं भाषण नको. 'सर, आपल्या शाळेतली मुलं हे विचारतायत,' एवढंच म्हणा आणि वही पुढे सरकवा. ४३ सह्या मागे घेता येतात. 'दिवस जातात का' असं लिहिलेली चिठ्ठी कोण मागे घेणार?

पण एक सावधगिरी, आणि ही गंभीरपणे वाच. डबा उघडला की कधीतरी एखादी चिठ्ठी 'काका रात्री' किंवा 'क्लासचे सर' अशी सुरू होते. म्हणून डबा एकट्याने उघडायचा नाही. विश्वासातली एक मोठी बाई सोबत हवी. आशाताई चालतील, अंगणवाडीच्या ताई चालतील. अशी चिठ्ठी आली तर तुम्ही चौकशी करायची नाही, त्या माणसाला गाठायचं नाही, ग्रुपवर चर्चा तर नाहीच. १०९८ हा लहान मुलांसाठीचा मोफत नंबर आहे, तिथे फोन करा. पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे आणि त्यात अठरा वर्षांखालच्या मुलावरच्या अत्याचाराची माहिती ज्याला मिळेल त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मोठ्या माणसाने लपवलं तर त्याला शिक्षा आहे. तुम्ही अठराच्या आत असाल तर तुम्हाला ती लागत नाही, पण तुमच्यासोबतच्या ताईंना लागते, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवा.

हा कायदा तुमच्या शाळेलाही लागू आहे. फोटो फिरल्याचं शाळेला कळलं, त्या दिवशी रिकाम्या बाकांची रांग लावण्याआधी पोलिसांना कळवायला हवं होतं. तसं झालं का, ते पत्रात नाही. विचार. भांडायला नको, फक्त विचार. आणि 'सखी सावित्री समिती' कुठे आहे, तेही विचार. २०२२ साली राज्य सरकारने प्रत्येक शाळेत ती नेमायला सांगितली. शिक्षिका, पालक, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील अशी माणसं तिच्यात असतात आणि विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही. बऱ्याच शाळांत ती फायलीत असते. तुमच्यापैकी एक मुलगी आणि एक मुलगा तिच्यात जाऊन बसलात तर अर्जाबिर्जाची गरजच कमी होईल.

तुमच्यातल्या त्या दोन मुलग्यांसाठी एक काम. ज्या ग्रुपवर फोटो फिरला, त्यातल्या पोरांशी त्यांनीच बोलायचं. मुलींनी बोललं तर भांडण, सरांनी बोललं तर नुसत्या माना खाली. त्यांना सांगायचं की अठरा वर्षांखालच्या मुलीचा तसा फोटो पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्यात आणि पॉक्सोत गुन्हा आहे. नुसता फोनमध्ये ठेवून बसणंही अंगाशी येऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सांगितलंय. गंमत बघ, मोबाइलमधल्या घाणीबद्दलच्या त्याच निकालात न्यायालयाने असंही म्हटलं की लैंगिक शिक्षणाबद्दल आपल्याकडे गैरसमज फार आहेत आणि सरकारने ते देण्याचा विचार करावा. मुख्याध्यापकांना वजन लागत असेल तर हे वजन पुरे आहे. पोरांना मात्र तुरुंगाचं भय दाखवून थांबू नका. तिने तो फोटो एकाला पाठवला होता, गावाला नाही. हा फरक त्या एकालाही कळत नव्हता असं मी मानत नाही. त्याला कळत होता, पण त्याच्या मित्रांत तो दाखवण्यात शान होती. ती शान कुठून येते, यावर तुमचे ते दोघे बोलू शकले तर मी त्यांना या सदरातून नमस्कार करते.

इन्स्टाचं विचारलंस. नको. तुमचा राग खरा आहे, पण तुम्ही गावाचं नाव न लिहिता लिहिलंत तरी तालुक्यातल्या प्रत्येकाला कळेल की ही कुठली मुलगी. फोटो पुन्हा शोधला जाईल. बातमीदारांनासुद्धा अशा मुलीची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे, ती तुम्ही का उघड करायची? चिठ्ठ्यांतले प्रश्न टाका हवे तर, उत्तरांसकट. त्या मुलीची गोष्ट ही तुमच्या मोहिमेचं कारण असेल, भांडवल व्हायला नको.

तिला फोन केलास का? तुझ्या एवढ्या लांब पत्रात तेवढंच नाही. कर. फोटोबद्दल बोलू नकोस, तिने काढलं तर ऐक. दहावीचा परीक्षेचा फॉर्म शाळेतून भरला गेला होता का, एवढं ऑफिसात जाऊन बघ. भरला असेल तर हॉल तिकीट येईल आणि तिला पेपरला बसता येईल. नसेल तर पुढच्या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. चूक ज्यांनी केली ते वर्गात बसले आहेत आणि ती नालासोपाऱ्यात, हे मला फार लागलं.

आता संस्था. तुमचे काका मुंबईत, म्हणजे परळ-लालबाग नाहीतर डोंबिवली-विरारला कुठेतरी. ते चाकरमानी आहेत, वाईट नाहीत. शाळेच्या छपराचे पत्रे त्यांच्याच वर्गणीतून आले असतील. त्यांच्या डोक्यातलं गाव मात्र ते सोडून गेले त्या सालाचं आहे, त्यात मोबाइल नाही. शिमग्याला येतील तेव्हा विषय काढू नका, पालखीच्या गडबडीत कोण ऐकतंय. (आता निघालंच आहे तर सांगते. होळीभोवती सगळा गाव मिळून शरीराच्या कुठल्या कुठल्या भागांच्या नावाने बोंबा मारतो, पोरंटोरं पुढे असतात, तेव्हा कोणाच्या डोक्यात काही भरवलं जात नाही. तेच शब्द जरा सभ्य करून खडूने फळ्यावर लिहिले की संस्कृती बुडते.) मे महिन्यात आंब्याला येतील, गावकीची सभा होईल, तेव्हा गाठा. आणि तुम्ही बोलू नका. बोलायला बायका पाठवा. बचत गटाच्या मीटिंगला आधी जाऊन बसा, त्यांना चार चिठ्ठ्या वाचून दाखवा. पोरगी वयात आल्यापासून जिवाला घोर लागलेल्या आया तिथे असतात. त्यांतल्या दोघींनी सभेत उभं राहून 'आमच्या पोरींना शिकवा, आम्हाला सांगता येत नाही' एवढं म्हटलं की काकांचं फोनवरचं वाक्य त्यांना स्वतःलाच आठवणार नाही.

एका गोष्टीला मात्र फसू नका. शाळा म्हणेल, बरं, करतो कार्यक्रम. मग पॅडच्या कंपनीची कोणी ताई येईल, मुलींना हॉलमध्ये बसवून दार लावतील, प्रत्येकीला एक पाकीट मिळेल आणि मुलग्यांना त्या वेळी मैदानावर क्रिकेटला सोडतील. पाकीट घ्या, पण तो तास मोजू नका. केंद्र सरकारने २०२० साली शाळांसाठी जो आरोग्य कार्यक्रम आणला त्यात अकरा विषय आहेत. त्यांत भावनिक आरोग्य, नातेसंबंध, स्त्री-पुरुष समानता, इंटरनेटचा सुरक्षित वापर हे सगळं येतं. दोन शिक्षकांनी, शक्यतो एक सर आणि एक बाई, ते शिकवावं अशी कल्पना आहे. तुमच्या शाळेत असे दोन शिक्षक नेमले आहेत का? नसतील तर कोण होऊ शकतील ते तुम्हीच मनात ठरवा. प्रत्येक शाळेत एक तरी असा शिक्षक असतो ज्याच्याकडे मुलं उगाच रेंगाळतात. शिवाय अनेक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत 'मैत्री' नावाचं किशोरवयीनांचं क्लिनिक चालतं, तिथे समुपदेशक असतात. आरोग्य केंद्रात विचारलंस तर जवळचं कुठलं ते सांगतील.

आई म्हणते लग्नाला कोण उभं राहील. तुझ्याच तालुक्यात मुरूड आहे, समुद्रावर फिरायला गेली असशील. महर्षी कर्व्यांचं गाव. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव, र. धों. कर्वे, गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी कॉलेजातली नोकरी गेली. १९२७ पासून १९५३ साली वारले तोपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तो कशाबद्दल माहीत आहे? वाचकांनी पत्रातून विचारलेल्या खासगी शंकांना छापील उत्तरं दिली म्हणून. हस्तमैथुनाची शंका त्यात होती. त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले. पण कर्व्यांच्या सोबतीला घरी त्यांची बायको मालतीबाई होती, तिने मरेपर्यंत साथ दिली. आईला सांग, असल्या माणसाच्याही लग्नाला कोणीतरी उभं राहिलं होतं.

नव्वद वर्षांत खटला बंद झाला, शंका तीच आहे. माझ्या डब्यातल्या चिठ्ठ्या वाचताना मला हे दर आठवड्याला जाणवायचं.

अकरा जणांनी सह्या मागे घेतल्या, त्यांच्याशी अबोला धरू नका. त्यांच्या घरी फोन गेलेले असणार. त्यांना डब्याबद्दल सांगा, तिथे सही लागत नाही.

आणि तुमच्या विज्ञानाच्या सरांना माझा निरोप दे. तिसरा धडा घ्यायला जड जात असेल तर मी येईन. सकाळची दापोली गाडी सोयीची आहे, वाटेत डुलकीही होते. आकृती मी पूर्ण काढीन.

तुझी,
बाई

ता. क. डब्याला पत्र्याचं झाकण असू दे, प्लास्टिकचं नको, ते सहज वाकतं. चीर बोटभरच पाडा. मी आधी मोठी पाडली होती, तर पोरं हात घालून एकमेकांच्या चिठ्ठ्या काढायला लागली.